वाचक विचारतात : केळीच्या वावरात अगरूची झाडं लावायची का?

मागच्या अंकात कनौजच्या अत्तरांवर एक टिपण आलं होतं, त्यात अगरूच्या तेलाबद्दल जेमतेम चार ओळी होत्या आणि पत्रं आली ती बहुतेक सगळी त्या चार ओळींवरच. अगरू म्हणा, अगर म्हणा, हल्ली मोबाईलवर अगरवुड म्हणतात, अरब लोक ऊद म्हणतात, वस्तू एकच. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीय कारण तिथे कोणाची तरी जमीन आणि पैसा पणाला लागलाय.

प्रश्न : भाऊ नमस्कार, रावेर तालुक्यात माझी चार एकर बागायती आहे, कायम केळीच असते. कधी वादळ, कधी व्हायरस, कधी भाव, हातात काही उरत नाही. आता एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण रोज टाकतोय की अगरवुड लावा, बारा वर्षांत एका झाडाचे एक लाख, एकरी चारशे झाडं, म्हणजे चार कोटी. रोपं त्यांचीच घ्यायची, इंजेक्शन ते देणार, माल तेच उचलणार. पोरगा म्हणतो दोन एकर टाकून देऊ, घरचे म्हणता नको. मना वावरमा लावू का नको, एकदाच काय ते सांगा. — एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : नका लावू दादा. पोराचं मन मोडतंय हे कळतं मला, पण दोन एकर बागायती यात घालू नका, आणि का ते नीट सांगतो म्हणजे घरात बसून बोलता येईल.

या झाडाचं शास्त्रीय नाव ॲक्विलारिया मलाक्केन्सिस. आसाम, त्रिपुरा, मेघालय, पुढे म्यानमार, मलेशिया, इंडोनेशिया असा त्याचा मूळ पट्टा. मुद्दा असा की या झाडाच्या लाकडाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, निरोगी झाड तोडलं तर आत पांढरट, हलकं, मऊ लाकूड निघतं, त्याला कोणी विचारत नाही. वास तयार होतो तो झाड दुखावल्यावर. आसामात एक खोडकिडा आहे, त्याची अळी खोडात बोगदे करते, त्या वाटेने बुरशी आत शिरते, आणि मग जखमेवर खपली धरावी तसं झाड त्या जागेभोवती राळ साठवत जातं, वर्षानुवर्षं. ती राळ मुरलेलं काळपट जड लाकूड म्हणजे अगरू. फांदी मोडली, कोणी घाव घातला तरी हे होऊ शकतं, आणि एवढं होऊनही काही झाडांत काहीच धरत नाही. जंगलातली बहुतेक झाडं कोरीच असायची, बाहेरून खात्रीने कळत नाही म्हणून लोकांनी आशेपोटी तीही पाडली, आणि अशाने ही जात जंगलातून संपत आली. तर तुम्ही लावणार ते झाड, आणि पैसा आहे तो त्या झाडाच्या आजारात. हे त्या ग्रुपवर कोणी सांगत नाही.

इंजेक्शनचं म्हणाल तर ते थोतांड नाही, हेही सांगितलं पाहिजे. व्हिएतनाम, थायलंड, मलेशियात लागवडीच्या झाडांना भोकं पाडून बुरशीचं द्रावण सोडतात, कुठे खिळे ठोकतात, आपल्याकडे जोरहाटच्या वर्षावन संशोधन संस्थेनेही यावर बरंच काम केलंय. अगरू धरतोही. पण किती धरला, कसा धरला हे झाड कापल्याशिवाय नक्की कळत नाही, आणि अशा कोवळ्या झाडांतला माल बहुतेक तेल काढायच्या प्रतीचा असतो, लाखांत विकला जातो तो हा नव्हे. अगरूचा भाव काही हजार रुपये किलोपासून काही लाख रुपये किलोपर्यंत कुठेही असू शकतो, एवढी प्रतीप्रतीत तफावत आहे. तुमच्या ग्रुपवरच्या माणसाने वरच्या टोकाचा भाव उचलला आणि झाडांच्या आकड्याने गुणला. चारशेच्या चारशे झाडं जगतील, चारशेंतही अगरू धरेल, सगळा एक नंबर निघेल आणि बारा वर्षांनी तो माणूस तुमचा फोन उचलेल, हे सगळं त्या चार कोटींत आधीच धरून ठेवलंय.

दुसरं म्हणजे आपलं हवामान. हे झाड दमट, भरपूर पावसाचं. आपल्या जळगाव जिल्ह्यात पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत उरकतो, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, रावेर-यावलची केळी त्या झळांनी कशी होरपळते ते तुम्हाला मी काय सांगणार. ठिबकवर, सावलीत झाड जगेलही, पानं हिरवीगार दिसतील, फोटो छान येतील. पण झाड जगणं वेगळं आणि त्याच्या पोटात अगरू धरणं वेगळं, बुरशीलाही तिची हवा लागते.

तिसरं, कायदा. ही जात १९९५ पासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, २००५ पासून तिच्या सगळ्या भाऊबंद जातीही त्यात आल्या. म्हणजे परदेशात माल पाठवायचा तर परवाना, लागवडीचा पुरावा, सगळी कागदपत्रं लागतात. भारताला २०२४ पासून ठराविक कोटा मिळालाय, वर्षाला दीड लाख किलोच्या आसपास चिप्स आणि पावडर, आणि सात हजार किलोच्या आसपास तेल, आणि तो मिळवायला आसाम-त्रिपुरातल्या लोकांनी बरीच वाट बघितली. तिथे घराघराच्या परड्यात ही झाडं आहेत, व्यापारी दारात येऊन उभं झाड बघतो, खोडावर किड्यांची भोकं किती, शेंडा वाळलाय का, कुठे फुगवटा आलाय का, आणि त्यावरून बोली लावतो. त्रिपुरात २०२१ मध्ये सरकारने यासाठी वेगळं धोरण केलं. तिथे व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भट्ट्या आहेत. आपल्याकडे बारा वर्षांनी झाड तयार झालं तर रावेरात ते ओळखणारा एक माणूस नाही, विकत घेणारा फक्त तो एकच, ज्याने रोपं विकली. भाव तोच ठरवणार ना मग?

त्याला तीन गोष्टी विचारा. आपल्यासारख्या कोरड्या पट्ट्यात कोणाची झाडं तोडून माल विकला गेलाय का, आणि त्या विक्रीची पावती दाखवा. माल उचलायचा करार स्टॅम्प पेपरवर देणार का, त्यात प्रत कोण ठरवणार आणि कुठल्या प्रतीला काय दर हे लिहिणार का. आणि झाडात काही धरलंच नाही तर रोपांचे, इंजेक्शनचे पैसे परत का. रोपांच्या पैशातच त्याचा धंदा पूर्ण होत असेल तर या तिन्हीला तो गोल गोल बोलेल. पालचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे, सही करायच्या आधी एक चक्कर तिकडे मारा. आणि पोराला खरंच हौस असेल तर विहिरीजवळ, आंब्याच्या सावलीत चार रोपं लावू द्या त्याला, शिकेल, त्यात कोणाचं काही जात नाही.

प्रश्न : आमच्या शेजारच्या खाला उमऱ्याहून, म्हणजे मक्केच्या यात्रेहून आल्या, त्यांनी पुडीत लाकडाचे चार तुकडे दिले, म्हणाल्या खरा ऊद आहे, जपून वापर. मी काडीने पेटवायला गेले तर नीट पेटेना, मग गॅसवर धरला तर नुसता जळका वास. माझं चुकतंय की लाकूड खोटं आहे? आणि आपण संध्याकाळी धुपाटण्यात घालतो तो ऊद हाच का? — एक ताई, भुसावळ

उत्तर : ताई, ज्योतीवर धरू नका. अगरू पेटवायचा नसतो, तापवायचा असतो. ज्योत लागली की राळ जळून जाते आणि उरतो नुसता लाकडाचा धूर, तोच तुम्हाला आला.

असं करा. धुपाटण्यात करवंटीचा किंवा साधा कोळसा फुलवा, लाल झाला की त्यावर राखेचा थर येऊ द्या, आणि त्या राखेवर नखाएवढा तुकडा ठेवा, जास्त नाही. मग जवळ बसून बघा. थोड्या वेळात त्या काळ्या रेषांवर ओलसर चमक येते, मग बारीक बारीक बुडबुडे फुटायला लागतात, राळ अक्षरशः उकळते. धूर अगदी पातळ, निळसर पांढरा. पहिल्यांदा वास थोडा आंबूस-कडवट वाटेल, काही लोकांना तो आवडत नाही, पण दोन-चार मिनिटांत तो गोड होत जातो, मधासारखा, सुंठीसारखा, जुन्या लाकडाच्या पेटीसारखा, तुकड्यातुकड्यात फरक असतो. धूर दाट व्हायला लागला की चिमट्याने उचलून घ्या, तोच तुकडा पुन्हा चालतो. बाजारात विजेचे छोटे बर्नर मिळतात, ते मंद तापतात, त्याच्यावर आणखी बरं.

खरा-खोटा कसा ओळखायचा हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. पुडी उघडल्या उघडल्या सेंटचा भपका आला तर त्यावर अत्तर शिंपडलंय असं समजा, चांगला अगरू थंड असताना फार हळू वास देतो. खऱ्या तुकड्यात काळी-तपकिरी रेष आणि फिकट लाकूड एकमेकांत मिसळलेलं दिसतं, सगळा तुकडा आतबाहेर सारखाच काळाकुट्ट असेल तर रंगवला असण्याची शक्यता जास्त, स्पिरिटचा बोळा घासून बघा रंग उतरतो का. पाण्यात बुडतो तो उत्तम असं म्हणतात आणि ते खरंही आहे, राळ भरपूर असली की लाकूड पाण्यापेक्षा जड होतं, चिनी आणि जपानी लोक त्यावरूनच वरची प्रत ठरवत आले. पण आता वजन वाढवायला आत धातू भरणारेही आहेत, त्यामुळे नुसतं बुडालं म्हणून पैसे देऊ नका, तापवून बुडबुडे बघा.

खालांनी दिलेला तुकडा मात्र खरा असो नसो, इतक्या लांबून आणून तो तुम्हाला दिलाय, त्यांना एकदा घरी बोलवून त्यांच्यासमोरच लावा. त्या दाखवतील पण कसं ठेवायचं ते, त्यांच्याकडे ही रोजची गोष्ट असते. आणि कोणी यात्रेहून आणत असेल तर त्यांच्या कानावर घाला की आंतरराष्ट्रीय नियमात स्वतःपुरता एक किलो लाकूड, चोवीस मिली तेल आणि दोन माळा एवढीच मोकळीक आहे.

किराणा दुकानातला ऊद वेगळा. तो दुसऱ्याच झाडाचा चीक वाळवलेला, खड्यांचा असतो, स्वस्त असतो, आणि त्याचा वासही छान असतो. तो वापरत राहा.

प्रश्न : एका लाकडाला सोन्यासारखा भाव का? हे अलीकडचं फॅड आहे का? — एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : अलीकडचं अजिबात नाही. सातव्या शतकात कामरूपचा राजा भास्करवर्मा, म्हणजे आजच्या आसामचा, याने सम्राट हर्षाला ज्या भेटी पाठवल्या त्यात काळ्या अगरूचं तेल होतं आणि अगरूच्या सालीवर लिहिलेल्या पोथ्या होत्या, बाणभट्टाने हे लिहून ठेवलंय. सालीवर लिहायची ती पद्धत आसामात पुढे कितीतरी शतकं टिकली, तिकडच्या वैष्णव सत्रांतल्या, म्हणजे मठांतल्या पोथ्या याच सालीच्या, सांचीपात म्हणतात त्यांना. आणि जपानमध्ये नारा शहरात शोसोइन नावाचं जुनं भांडार आहे, त्यात अगरूचा एक ओंडका जपलाय, रांजाताई त्याचं नाव, दीड मीटरहून लांब, साडेअकरा किलोच्या आसपास. १५७४ साली ओदा नोबुनागा या सरदाराने, ज्याच्यापुढे निम्मा जपान थरथरत होता, सम्राटाकडून परवानगी काढून त्यातला छोटा तुकडा कापून घेतला. १८७७ साली सम्राट मेइजीने घेतला. या दोघांनी जिथे कापलं तिथे कोणी घेतलं याच्या चिठ्ठ्या आजही त्या ओंडक्यावर आहेत. एका लाकडाच्या तुकड्यासाठी एवढा मान, मला तर हे वाचून नेहमी भरून येतं.

भावाचं कारण अर्धं वर आलंच आहे, झाड, किडा, बुरशी आणि बरीच वर्षं हे सगळं जुळून यावं लागतं. उरलेलं अर्धं म्हणजे माणसाची मेहनत. आसामात होजाई हे या व्यापाराचं मोठं ठिकाण, तिथलं काम मी बघितलंय. कारागीर जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यात तुकडा दाबून छोट्या पटाशीने पांढरं लाकूड खरवडत असतात, काळ्याला धक्का न लावता. काळी रेष सरळ जात नाही, मध्येच वळते, मध्येच फाटे फुटतात, आणि पटाशी तिच्या मागे मागे जाते, एक चुकीचा घाव आणि भाव उतरला. इतकं हळू चालतं ते काम की तुम्ही बघताना अवघडून जाल. खरवडून निघालेला भुसाही टाकत नाहीत, त्यात थोडी तरी राळ असतेच, तो तेलाला जातो.

तेलासाठी लाकडाचा चुरा आधी पाण्यात भिजत घालतात, कधी दोन आठवडे, कधी महिना, तो आंबतो, त्याला एक जनावराच्या गोठ्यासारखा उग्र वास सुटतो, आणि आखाती देशांतल्या जुन्या गिऱ्हाइकांना हिंदी ऊदमधला, म्हणजे भारतातल्या ऊदमधला नेमका तोच वास हवा असतो. मग मोठ्या डेगीत घालून दिवसेंदिवस खालून जाळ, वाफ थंड करायची, वर तरंगणारं तेल निथळून घ्यायचं. लाकडाच्या वजनाच्या मानाने तेल एक टक्क्याच्याही बरंच आत निघतं. त्यामुळे दोनशे रुपयांच्या बाटलीवर ऊद लिहिलेलं दिसलं तर त्यात प्रयोगशाळेत बनवलेला वास आहे असं धरून चाला, आवडला तर जरूर लावा, फक्त अगरूचे पैसे देऊ नका.

प्रश्न : अगरबत्तीत अगरू असतो का? — नंदुरबार

उत्तर : नेहमीच्या अगरबत्तीत नाही. बांबूची काडी, कोळशाची आणि लाकडाची पूड, चिकटायला जिगट नावाच्या सालीची पूड, आणि वरून सुगंधी द्रावण. अगरूची पूड घातलेल्या काड्या असतात पण त्यांची किंमत बघूनच कळतं.

प्रश्न : आजी सर्दीला, सांधेदुखीला अगरूचं तेल लावायची म्हणते. पोटात घेता येतं का? — अमळनेर

उत्तर : आयुर्वेदात अगरू उष्ण मानलाय, चरकाने थंडी वाजून येणाऱ्या तापावर अंगाला लावायचं अगुर्वाद्य तेल सांगितलंय, तर आजीचं म्हणणं निराधार नाही. पण ते औषधी तेल वेगळं आणि अत्तराच्या दुकानातलं वेगळं. पोटात काहीही वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि अत्तराचं तर मुळीच नको.

प्रश्न : सर, दरवेळी आसाम, कनौज, म्हैसूर असंच वाचतो. आपल्या खानदेशात सुगंधाचं काहीच नव्हतं का? मुलं विचारतात तेव्हा उत्तर नसतं. — एक शिक्षक, साक्री तालुका

उत्तर : होतं सर, आणि तुमच्याच तालुक्यात होतं. रोशा गवत. सातपुड्याच्या आणि पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवर हे आपसूक उगवायचं, अजूनही कुठे कुठे दिसतं, पान चुरगाळून नाकाशी नेलं की गुलाबासारखा वास येतो. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी या भागांत याच्या भट्ट्या लागायच्या. पावसाळा संपता संपता गवत फुलावर आलं की कापायचं, ओढ्याकाठी लोखंडी काहिलीत पाण्यासोबत घालायचं, झाकण मातीने लिंपून घ्यायचं, पोकळ बांबूतून वाफ ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात सोडायची. भट्टीला सरपण म्हणून मागच्या घाण्याचं वाळलेलं गवतच. ते तेल मुंबईहून अरबस्तानात जायचं, तिथून तुर्कस्तानात, आणि तिकडे ते गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळलं जायचं, इतका त्याचा वास गुलाबाच्या जवळ. म्हणजे युरोपात ज्या गुलाबाच्या अत्तराचं एवढं कौतुक व्हायचं त्यातल्या काहीत तरी आपल्या डोंगरातलं गवत होतं, हे मुलांना जरूर सांगा. वासाचं कारण जिरॅनिऑल नावाचं द्रव्य, ते गुलाबातही असतं आणि रोशाच्या तेलात तर तेच सगळ्यात जास्त. या गवताचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया, चांगलं तेल मोतियाचं.

आणि हे गवत कमी पावसात, हलक्या माळरानावर येतं. रावेरच्या दादांनीही हे वाचावं, बागायतीत लावायला नव्हे, पण पडीक बरड तुकडा असेल तर. औषधी-सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेने याच्या सुधारित जाती काढल्यात, साबण आणि सुगंधाच्या उद्योगात तेलाला मागणी असते. कोटी वगैरे होणार नाहीत, भट्टी जवळ नसेल तर लावूही नका कारण नुसतं गवत कोणी घेत नाही, पण दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून विचार करण्यासारखं आहे.

पिंपळनेर, तळोदा, धडगावकडच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात कोणा आजोबा-पणजोबांनी रोशाची भट्टी लावल्याचं ऐकलेलं असेल, एखादी जुनी काहील अजून मागच्या दारी पडलेली असेल, भट्टीची जागा कोणाला ठाऊक असेल, तर आम्हाला लिहा, अहिराणीत लिहा, पावरीत लिहा, कसंही चालेल. साक्रीच्या सरांचं पत्र आल्यापासून मी याच्या मागे लागलोय आणि जे हाती येईल ते पुढच्या अंकापासून छापणार आहे.